पाठदुखीच्या गोळीची सवय सोडवताना पाठीचं काय करायचं

कमरेचा मणका, झिजलेला गुडघा, जुना अपघात किंवा ऑपरेशननंतर मागे राहिलेलं दुखणं. त्यासाठी कधीतरी ट्रामाडॉल किंवा टॅपेन्टाडॉल ही अफूवर्गीय वेदनाशामक गोळी सुरू झाली, दोन-तीन वर्षांत दिवसाच्या दोन गोळ्यांच्या आठ-दहा झाल्या, आणि आता व्यसनमुक्तीचे उपचार चालू आहेत किंवा करायचे ठरले आहेत. असा माणूस ज्या घरात आहे, त्या घरासाठी हे लिहिलं आहे.

अशा माणसाची फरपट ठरलेली असते. नशामुक्ती केंद्रात सांगतात, दुखणं हा गोळीसाठीचा बहाणा आहे. हाडांच्या डॉक्टरांना सवयीची कल्पनाच नसते, कारण ती कुणी सांगितलेली नसते. दुखणंही खरं असतं आणि सवयही खरी असते. दुखण्याचा बंदोबस्त न करता गोळी काढून घेतली, की महिन्या-दोन महिन्यांत माणूस पुन्हा मेडिकलच्या पायरीवर दिसतो. घरचे त्याला कमकुवत मनाचा ठरवतात, पण त्याची कंबर तेव्हाही दुखतच असते. म्हणून दोन्ही उपचार एकाच वेळी आणि एकाच कागदावर चालले पाहिजेत. पुढचं सगळं त्या कागदासाठी आहे.

मंदसौर, नीमच, रतलामच्या पट्ट्यात परवान्याने अफू पिकते. त्यामुळे अफूची सवय काय असते हे माळव्यात कुणाला समजावावं लागत नाही. ट्रामाडॉल कारखान्यात तयार होतं, पण शरीरात त्याच जागी काम करतं, हे मात्र आवर्जून सांगावं लागतं. एप्रिल 2018 मध्ये ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातल्या लोकसंख्येत अफूवर्गीय पदार्थ वापरणारे 2.1 टक्के आहेत, आणि त्याच लोकसंख्येत औषधी गोळ्या-सिरप घेणारे 0.96 टक्के. म्हणजे हा प्रश्न तुमच्या एकट्या घराचा नाही.

सात दिवसांची वही

डॉक्टरकडे जाण्याआधी आठवडाभर एक साधी वही ठेवा. दर वेळी चार गोष्टी लिहायच्या: वेळ, किती गोळ्या घेतल्या, दुखणं शून्य ते दहात किती, आणि जांभया, नाक-डोळे वाहणं, अंगावर शहारे, पोटात कळ यांपैकी काही आहे का. गोळ्यांचा आकडा खरा लिहा. आठ घेत असाल आणि पाच लिहिल्या, तर डॉक्टर पाचाच्या हिशोबाने कमी करतील आणि तिसऱ्याच दिवशी सगळं कोसळेल.

वहीत काय दिसतं ते बघा. समजा पहाटे पाचला दुखणं आठवर आहे, सगळं अंग मोडून आल्यासारखं झालंय, जांभया थांबत नाहीत, नाक वाहतंय. गोळी घेतली आणि पाऊण तासात दुखणंही उतरलं, नाकही थांबलं. हे कमरेचं दुखणं कमी आणि गोळी उतरल्याचं दुखणं जास्त. साध्या ट्रामाडॉलचा असर चार ते सहा तास टिकतो. रात्री अकराची गोळी पहाटे पूर्ण उतरलेली असते. याउलट दुपारी खुर्चीत तासभर बसल्यावर डाव्या नितंबातून पायात कळ गेली आणि बाकी अंग ठीक आहे, तर ते मूळ दुखणं. पहिल्यासाठी डोस हळू उतरवायचा किंवा औषध बदलायचं असतं, दुसऱ्यासाठी व्यायाम आणि वेगळी औषधं लागतात.

तिसरा प्रकारही असतो. डोस वाढत गेला आणि त्याबरोबर दुखणं कमरेवरून पाठभर, मग खांद्यांपर्यंत पसरलं, नुसतं दाबलं तरी दुखतं. अफूवर्गीय औषध बराच काळ चाललं की काही जणांच्या नसाच जास्त हुळहुळ्या होतात. अशांना डोस वाढवून आराम पडत नाही. उतरवल्यावर काही आठवड्यांनी पडतो. डोकेदुखीचंही असंच. महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, सलग तीन महिने अशी गोळी घेतली, तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं.

महिन्यातून एकदा आणखी तीन प्रश्न विचारा: गेल्या आठवड्यात सरासरी दुखणं किती होतं? त्याने जगण्यातला आनंद किती हिरावला? रोजची कामं किती अडली? तिन्ही शून्य ते दहात, मग बेरीज भागिले तीन. आकडा एक तृतीयांशाने उतरला तर उपचार लागू पडतोय असं समजा. शून्याची वाट बघू नका.

पट्टी उलटी करून वाचा

बाजारात सर्वांत जास्त चालणाऱ्या गोळीत 37.5 मिलिग्रॅम ट्रामाडॉल आणि 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. रोज बारा गोळ्या घेणाऱ्याच्या पोटात 450 मिलिग्रॅम ट्रामाडॉल जातं. दिवसाची वरची मर्यादा 400 आहे, आणि ती ओलांडली की फिट येण्याचा धोका वाढतो. त्याच बारा गोळ्यांतून 3,900 मिलिग्रॅम पॅरासिटामॉलही जातं. त्यावर तापासाठी एखादी साधी गोळी घेतली किंवा जोडीला दारू असली, तर यकृतावर बेतू शकतं. म्हणून डोस कमी करताना डॉक्टरांना विचारा की दोन्ही औषधं वेगवेगळी लिहून देता येतील का. म्हणजे ट्रामाडॉल उतरवताना पॅरासिटामॉल स्थिर ठेवता येतं.

नैराश्याची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर तिचीही पट्टी सोबत न्या. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम, ड्युलोक्सेटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन यांच्यासोबत ट्रामाडॉल घेतलं तर फिट, थरथर, घाम, गोंधळ होऊ शकतो. अल्प्राझोलाम किंवा दारू सोबत असेल तर श्वास मंदावतो. झोपेत झालेले मृत्यू बहुतेक अशा मिश्रणाचे असतात.

उतरवायचं की बदलायचं

हा निर्णय डॉक्टरांसोबत बसून घ्यायचा, पण हिशोब घरालाही कळला पाहिजे.

दिवसाला आठ गोळ्यांपर्यंत असाल, एकाच डॉक्टरच्या चिठ्ठीवर असाल आणि ठरवलं तर आकडा पाळता येत असेल, तर हळूहळू उतरवणं जमतं. वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्यासाठी वेग महिन्याला साधारण दहा टक्के. आठातली एक गोळी म्हणजे साडेबारा टक्के, तेव्हा तीन-चार आठवड्यांना एक. चुकतं ते शेवटी. आठाचे सात करणं सोपं असतं. दोनाची एक करणं म्हणजे एका फटक्यात निम्मा डोस. त्यामुळे चारच्या खाली आल्यावर अर्ध्या गोळीने उतरा, आणि वेग झेपत नसेल तर त्या पायरीवर आणखी दोन आठवडे थांबा. थांबणं चालतं, परत वर चढणं शक्यतो टाळा. एसआर (औषध हळूहळू सोडणारी) लिहिलेली गोळी कधीही तोडू किंवा चावू नका. बारा-चोवीस तासांचं औषध एकदम सुटतं. पहाटेची आणि रात्रीची गोळी सर्वांत शेवटी काढायची, आधी दुपारची.

अचानक बंद करू नका. ट्रामाडॉल नैराश्याच्या औषधांसारखंही काम करतं. त्यामुळे ते एकदम सुटलं की जुलाब-जांभयांच्या जोडीला काही जणांना प्रचंड भीती, भास, हातापायांत विजेसारख्या झिणझिण्या येतात. गरोदर बाईने तर अजिबात अचानक थांबवू नये. बाळाला धोका होतो.

दिवसाला 400 मिलिग्रॅमच्या वर असाल, इंजेक्शन घेत असाल, फिट येऊन गेली असेल, किंवा दोन-तीनदा उतरवायचा प्रयत्न फसला असेल, तर घरी गोळ्या मोजत बसू नका. अशा माणसासाठी ब्युप्रेनॉर्फिन हा जास्त सुरक्षित रस्ता आहे. हे अफूवर्गीयच औषध, पण सवयीच्या उपचारासाठी डॉक्टर देतात. "एक नशा काढून दुसरी लावली" असं म्हणणारे शेजारी भेटतील. ब्युप्रेनॉर्फिन चढत-उतरत नाही, तलफ दाबून ठेवतं, श्वासावरचा त्याचा परिणाम एका पातळीपुढे फारसा वाढत नाही आणि ते स्वतः वेदनाशामक आहे. दुखणं आणि सवय दोन्ही असलेल्या माणसाला याहून सोयीचं औषध क्वचितच असेल.

त्याची सुरुवात मात्र नेमकी करावी लागते. शेवटच्या साध्या गोळीनंतर निदान बारा तास, एसआर असेल तर चोवीस तास थांबायचं, आणि विथड्रॉवल, म्हणजे गोळी उतरल्याचा त्रास, अंगावर स्पष्ट दिसल्यावरच पहिला डोस घ्यायचा. डॉक्टर नाडी, बुबुळं, घाम, शहारे, जांभया बघून गुण देतात. घाईने लवकर घेतलं तर ब्युप्रेनॉर्फिन आधीच्या औषधाला जागेवरून ढकलतं आणि अर्ध्या-एक तासात भयंकर विथड्रॉवल येतं. मग माणूस म्हणतो, "हे औषध मला सोसत नाही." औषध ठीक होतं, वेळ चुकली होती. पहिला डोस साधारण 2 ते 4 मिलिग्रॅम, मग तास-दोन तास तिथेच बसून बघायचं.

गोळी जिभेखाली ठेवायची. गिळली तर फारसा उपयोग नाही. आधी पाण्याने तोंड ओलं करा. गुटखा, तंबाखू, पान तोंडात असेल तर चूळ भरून पूर्ण साफ करा. पाच ते दहा मिनिटं बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही, चहा नाही. विरघळल्यावर पाण्याने चूळ भरा, पण ब्रश तासाभराने करा, नाहीतर दातांची झीज होते.

आता सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट. ब्युप्रेनॉर्फिनचा तलफ दाबण्याचा असर दिवसभर टिकतो, दुखण्यावरचा असर सहा ते आठ तासच. सकाळी 8 मिलिग्रॅम एकदम घेणारा माणूस दुपारनंतर कण्हायला लागतो आणि केंद्रात समजतात की हा जास्त गोळी मागतोय. तोच 8 मिलिग्रॅम सकाळी 4, दुपारी 2, रात्री 2 असा वाटून मागा. रोजचा एकूण डोस तेवढाच राहतो. डॉक्टरांना सरळ सांगा: "सर, तलफ नाही, पण तीन वाजल्यापासून कंबर धरते. हाच डोस तीन वेळांत विभागून देता येईल का?"

अफूवर्गीय औषधांचा असर अडवणाऱ्या नाल्ट्रेक्सोनचा पर्याय कुणी सुचवला तर दुखण्याचा विषय आधी काढा. ते सुरू करण्याआधी सात ते दहा दिवस अंगात अफूवर्गीय काहीही नसावं लागतं. ते चालू असताना अपघात किंवा ऑपरेशनच्या वेळी मॉर्फिनसारखं औषध लागू पडत नाही. जुनं दुखणं असलेल्या माणसाला ते सहसा गैरसोयीचं.

आणि गोळ्या संपल्या म्हणून डोडाचुरा (अफूच्या बोंडांचा चुरा) उकळून पिऊ नका. त्यात किती मॉर्फिन आहे हे कुणालाच सांगता येत नाही, आणि कायद्याचा फास वेगळा.

वाईट दिवस

साधी गोळी थांबली की त्रास बारा-चोवीस तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातो, आठवडा-दहा दिवसांत ओसरतो. झोप मात्र आठवडे घेते. या काळात जुनं दुखणं दुपटीने वाढल्यासारखं वाटतं. ते विथड्रॉवलचं आहे आणि उतरणार आहे, हे घरच्यांनी रोज सांगावं. जुलाबाला ओआरएस आणि पातळ खिचडी. विथड्रॉवलचा त्रास कमी करायला क्लोनिडिन दिलं असेल तर प्रत्येक गोळीआधी बीपी मोजा; कमी असेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करा. उभं राहताना हळू, चक्कर येते.

याउलट ब्युप्रेनॉर्फिन चालू असलेल्यांना बद्धकोष्ठ छळतं. नीमचच्या मंडीतलं इसबगोल घरोघरी असतं, पण नुसतं इसबगोल आणि कमी पाणी म्हणजे आतड्यात गोळा. भरपूर पाणी प्या, आणि लॅक्टुलोज किंवा सेन्नासारखं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या.

मूळ दुखण्यावर

गुडघ्याला डायक्लोफेनॅक जेल लावून बघा. पोटात जाणाऱ्या गोळीपेक्षा निरुपद्रवी. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या जेवल्यावर आणि थोडे दिवस. किडनी, अल्सर, बीपीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नाही. पायात आग, मुंग्या, करंट असं दुखणं नसांचं असतं. त्याला रात्री 10 मिलिग्रॅम अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन उपयोगी पडतं, पण ट्रामाडॉल चालू असताना नाही, किंवा डॉक्टरांच्या नजरेखाली. प्रीगाबॅलिनही देतात. त्याचीसुद्धा सवय लागते आणि अफूवर्गीय औषधासोबत श्वास मंदावतो, म्हणून ते कुलपात ठेवा.

खरा आधार चालण्याचा. आणि तो चुकीच्या पद्धतीने केला तर उलटतो. बरं वाटलं म्हणून रात्री इंदूरच्या सराफ्यात दोन तास उभं राहायचं, मग तीन दिवस अंथरुणात, आणि चौथ्या दिवशी गोळी: हे चक्र मोडायचं आहे. पाच दिवस चाला आणि दुखणं वाढायला लागेपर्यंतची मिनिटं लिहा. समजा 6, 14, 9, 4 आणि 12. बेरीज 45, सरासरी 9. त्याचे ऐंशी टक्के म्हणजे सात मिनिटं. आता रोज सातच मिनिटं, चांगल्या दिवशीही सात आणि वाईट दिवशीही सात. पुढच्या आठवड्यात आठ. राजवाड्यापासून कृष्णपुरा छत्रीपर्यंत जाऊन परत यायला आपल्याला किती मिनिटं लागतात ते मोजा, आणि तिथवर पोचायला किती आठवडे लागतील ते वहीत लिहा. मोठा टप्पा असा समोर दिसला की माणूस टिकतो. चालून आल्यावर दुखणं दोन अंकांनी वाढलं आणि अर्ध्या तासात उतरलं, तर काही बिघडलेलं नाही. दुसऱ्या सकाळपर्यंत राहिलं तर आठवडाभर एक मिनिट मागे या.

लघवी-शौचावरचा ताबा सुटला, दोन्ही मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, किंवा ताप आणि वजन घटण्यासोबत पाठ दुखते, तर ही वही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घराने काय करायचं

गोळ्या एकाच्या ताब्यात असाव्यात, आणि तो कोण हे रुग्णानेच ठरवावं. सात खणांची डबी भरा, बाकी पट्ट्या कपाटात कुलपात. ब्युप्रेनॉर्फिनची एक गोळीसुद्धा लहान मुलाचा श्वास थांबवू शकते, त्यामुळे देवघराच्या फळीवर किंवा उशीखाली नाही. रोज सर्वांसमोर गोळ्या मोजून टोमणे मारू नका. "काका, आज किती घेतल्या?" याऐवजी "काका, आज दुखणं दहात किती आहे?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला खोटं उत्तर मिळतं.

चिठ्ठी एकाच डॉक्टरची, मेडिकल एकच. ट्रामाडॉल शेड्यूल एच-1 मध्येही येतं. दुकानदाराला डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं ठेवावं लागतं. चिठ्ठीशिवाय देणारा दुकानदार उपकार करत नाही.

इंदूरमध्ये सुरुवात एमवाय हॉस्पिटलच्या मनोविकार विभागातून किंवा बाणगंगेच्या शासकीय मानसिक रुग्णालयातून करता येते. आधी फोनवर विचारायचं असेल तर व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक 14446, आणि मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस 14416. खासगी केंद्रात पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा: एमबीबीएस किंवा मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर रोज येतात का? ब्युप्रेनॉर्फिन देता का? बीपी, शुगर आणि दुखण्याची औषधं चालू ठेवता का? घरच्यांना भेटू देता का? "पंधरा दिवसांत साफ करून देतो, औषध काही लागत नाही" हे उत्तर आलं तर उठून या. साखळीने बांधणं 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद आहे. पोलिसांची भीती वाटत असेल तर वकिलाला एनडीपीएसचं कलम 64-अ विचारा. स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्याला, थोड्या मालाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात त्यातून संरक्षण मिळू शकतं.

धोक्याची वेळ

सर्वांत धोकादायक दिवस केंद्रातून घरी आल्यानंतरचे असतात. अंगाची सोसायची ताकद गेलेली असते. पूर्वी आठ गोळ्या पचवणारा माणूस महिनाभराने एकदम आठ घेतो, आणि तेवढ्यात श्वास थांबू शकतो. हलवून उठत नाही, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली, ओठ निळसर, बुबुळं टाचणीएवढी: लगेच 108. कुशीवर वळवा, तोंडातलं काढा, श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास द्या. अंघोळ घालणं, मीठपाणी पाजून उलटी करवणं नको. दवाखान्यात पोचताच "अफूवर्गीय गोळी घेतली आहे, नॅलॉक्सोन द्या" हे शब्द वापरा; नॅलॉक्सोन हा अशा गोळीवरचा उतारा आहे.

दातांचं काम, अपघात, ऑपरेशन कधीही येऊ शकतं. ब्युप्रेनॉर्फिन चालू असेल तर ऑपरेशनसाठी ते बंद करू नका. चालू ठेवून वर दुखण्याची औषधं देता येतात. नाल्ट्रेक्सोनची गोळी असेल तर ठरलेल्या ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावी लागते. हे सगळं ऐनवेळी कुणाला आठवत नाही, म्हणून पाकिटात पुठ्ठ्याचं एक कार्ड ठेवा आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहा: नाव, रक्तगट. "मी ब्युप्रेनॉर्फिन ___ मिलिग्रॅम, दिवसातून ___ वेळा घेतो. ते बंद करू नका. ट्रामाडॉल, पेन्टाझोसिन देऊ नका. मला कमरेचं जुनं दुखणं आहे, दुखण्यावर उपचार हवेत. माझे डॉक्टर: ___, फोन: ___. घरचा फोन: ___." डोस बदलला की त्याच दिवशी कार्डही बदला.